उजव्या पायाचं जोडवं

मित्रांनो, जोडवं कधी कुणी एकटं घडवत नाही. मीही जोडीनेच जन्माला आलं. कामशेतच्या सोनाराने चांदी वळून आम्हा दोघांना घडवलं आणि औंढ्याच्या भिमाजींशी नंदाबाईचं लग्न लागलं तेव्हा आम्ही तिच्या पायांत चढलो. मी उजव्या पायाचं. आता जुनं झालंय, काळवंडलंय, पण ऐट अजून आहे.

आमचं काम वाजायचं. नंदाबाई शहाबादी फरशीवरून चालली की पडवीत बसलेले भिमाजी मागे न बघताच म्हणायचे, "आला व्हय च्या?" तेव्हा आम्हाला कोण आनंद व्हायचा!

पुढे तिचा उजवा अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं, लालबुंद, ठणकणारं. मी त्या शेजारच्याच बोटात. मधल्यामधे मी चिरडलं जायचं आणि ती कळवळायची. शेवटी तिने साबण लावून मला काढलं आणि फडताळातल्या डब्यात ठेवलं.

खोटं कशाला सांगू, डब्यात फार एकटं वाटायचं. बाहेर माझा जोडीदार वाजायचा. एक पाऊल वाजे, दुसरं मुकं. भिमाजींनाही ते खटकायचं.

"आगं, एकच पाय वाजतोय. दाव की डाक्टरला," ते म्हणायचे.

"भातलावणी हुंद्या, मग बगू," नंदाबाई म्हणायची.

लावणी झाली की गणपती, गणपती गेले की कापणी. पायाचा नंबर काही लागला नाही. माझं मात्र देवाकडे रोज एकच मागणं, जोडीदार परत भेटू दे.

भेटला. भिमाजी गेले त्या दिवशी बायकांनी नंदाबाईच्या डाव्या पायातलं जोडवं काढून माझ्या शेजारी टाकलं. ते अजून कोमट होतं. अशी भेट मी मागितली नव्हती हो.

वर्षश्राद्ध झालं आणि सून अनिता हटूनच बसली. तळेगावच्या दवाखान्यात नंदाबाईचं ऑपरेशन झालं. मोठी चिरफाड नाही. बारीक छिद्रांतून हाड कापून सरळ केलं, आत स्क्रू बसवले. जाड तळाचा बूट घालून ती चालत घरी आली. सूज मात्र महिनोन्‌महिने रेंगाळली, आणि अंगठा पहिल्यासारखा वाकत नाही तो नाहीच. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. पण ठणका गेला आणि बोटांत जागा झाली.

परवा दुपारी घरात कुणी नाहीसं पाहून तिने डबा उघडला. आम्हाला पदराने पुसलं, पायांत घातलं. मी अलगद बसलं. चुलीपासून पडवीपर्यंत ती चालत गेली आणि कितीतरी वर्षांनी दोन्ही पावलं वाजली. भिमाजी बसायचे तिथे ती थांबली.

अनिता दारात येऊन उभी होती.

"ऱ्हाऊ द्या पायात, आत्या. कोन काय म्हनत न्हाई."

"म्हनंना का कोन. ऐकनारा गेला की गं," नंदाबाई म्हणाली आणि खाली बसून तिने आम्हाला काढलं.

आता आम्ही दोघंही डब्यात आहोत. सोबत आहे, पण करमत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी लंगडत "मग बगू" म्हणत असेल. त्या माणसाचं ऐकू नका. हाताला धरून दवाखान्यात न्या, पडवीत ऐकणारा बसलेला आहे तोवर.