बिनपत्र्याचा ग्राइंडर

भूगावातल्या बंगल्यांच्या त्या सोसायटीत मनीषची गाडी बारा महिने रस्त्यावर उन्हात उभी असायची, आणि गाडीसाठी म्हणून बांधलेल्या गॅरेजात मनीषचा कारखाना थाटलेला होता. आता तुम्ही म्हणाल, यात बिघडलं काय? काहीच नाही! आपल्या हातानं चार वस्तू कराव्यात, यासारखं सुख नाही. हिंजवडीत आठवडाभर कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसणारा हा लातूरकडचा गडी रविवारी लाकडावर रंधा मारायला लागला की त्याचा चेहरा उजळायचा. बायकोला, म्हणजे उषाला, त्यानं स्वयंपाकघरात फळ्या ठोकून दिल्या होत्या, आणि त्या हलत नाहीत, हे उषा स्वतः चारचौघींत सांगायची.

पण त्या गॅरेजची अवस्था मात्र विचारू नका! स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढलेली वायर, तिला प्लग नाही. उघड्या तारा सॉकेटात घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या. डोक्यावर एकुलता एक पिवळा बल्ब. डोळ्यांना लावायचा चष्मा आणलेला, पण पिशवीतून बाहेर न निघालेला. आणि पुण्याच्या बोहरी आळीतून हौसेनं आणलेला, लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर. ठिणग्या आणि तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून त्याच्या चाकावर अर्धगोल पत्रा असतो. तो मनीषनं काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. कारण काय, तर पाच इंची चाक जास्त खोल कापतं, आणि पत्रा असला की ते बसत नाही. जुगाड! या शब्दाचं आपल्याला केवढं कौतुक!

दोन हजार सहा सालची खंडेनवमी. मनीषनं सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडली. करवत, पटाशी, ड्रिल, सगळ्यांना हळद-कुंकू. झेंडूची मोठी माळ ग्राइंडरला. पूजेला शेजारचे साहेबराव आले होते. पन्नाशीचे, उंचेपुरे, गळ्यात तुळशीची माळ. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती, ती एके काळी त्यांचीच. जमीन गेली, काम गेलं, हात मोकळे झाले. म्हणून रविवारी ते मनीषच्या गॅरेजात येऊन बसायचे. दोघांचं मेतकूट चांगलं जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी साहेबराव लोखंडी अँगल खांद्यावर घेऊन आले. “गोठ्याचं फाटक करायचंय, मनीषभाऊ. आज दिस चांगला हाय, मुहूर्त तरी करू.” ग्राइंडर हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. “याला वरनं पत्रा असतुया न्हवं?”

“मुद्दाम काढलाय, दादा. मधे अडतो. काही होत नाही, मी दर रविवारी वापरतोय ना!”

काही होत नाही! मंडळी, हे शब्द तोंडातून निघायला वेळ लागत नाही. साहेबरावांनी बटण दाबलं, अँगलवर चाक टेकलं, आणि ते चाक फुटलं. एक तुकडा त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. मनीषनंच त्यांना गाडीत घालून पुण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले; पण डावा डोळा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन बंडोपंत दवाखान्यात भेटायला आले. साहेबराव डोळ्यांवर पट्टी बांधून निपचित पडले होते. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून बंडोपंत हळूच म्हणाले, “सणाचा दिवस होता. थोडी घेतली असेल, नाही का? या लोकांचं काही सांगता येत नाही. जमिनीचा पैसा आला की असंच होतं.”

साहेबरावांनी आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं, हे मनीषला पक्कं ठाऊक होतं. आपण पत्रा काढला होता, हेही ठाऊक होतं. पण हे बोललो तर पुढचा प्रश्न येणार, मग चाक फुटलं कसं? मनीषनं मान हलवली. ‘हो’ म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही, नुसती मान हलवली. एवढंच केलं त्यानं, आणि एवढंच पुरलं!

बंडोपंतांच्या तोंडून ते सोसायटीत गेलं, सोसायटीतून कामवाल्या बायकांकडे, दूधवाल्याकडे, आणि तिथून थेट पौड गावापर्यंत. मनीष ऑफिसात बसायचा, पण समोरच्या पडद्यावर त्याला काही दिसायचं नाही. गॅरेजचं शटर त्यानं उघडलंच नाही. ‘त्यांनी स्वतःच चालवला ना,’ असं तो मनाशी म्हणायचा, आणि त्याची त्यालाच किळस यायची.

दिवाळी सरल्यावर साहेबरावांच्या कारभारीण इंदूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उषानं बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“भाऊ, आमच्या सोनूची सोयरीक पौडच्या हैबतरावांच्या घरी ठरल्याली. त्यांनी आता निरोप धाडलाय, थांबा म्हून. पोरीचा बाप पितो, असं त्यांच्या कानावर गेलंय. पोरगी जेवत न्हाई, सारखी रडतीया. त्या टायमाला तुमीच हितं व्हता. एवढं जाऊन सांगा की त्यांनी घेतली न्हवती. आमचं कोन ऐकतंय? तुमचं ऐकतील.”

“बघतो, वहिनी,” मनीष म्हणाला. त्याला त्यांच्याकडे वर मान करून पाहवेना.

त्याच आठवड्यात उषाचे वडील अण्णासाहेब राहायला आले. पिंपरीच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे जावयाचं गॅरेज पाहण्याची त्यांना भारी हौस. मनीष नको नको म्हणत असताना त्यांनी शटर वर केलं. आत सुकलेली झेंडूची माळ, फुटक्या चाकाचे तुकडे, आणि खिळ्याला टांगलेला पत्रा.

“मनीषराव, हा पत्रा इथं कसा?”

मनीष टेबलाच्या कडेला टेकला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पाच इंची चाक, साहेबरावांनी विचारलेला प्रश्न, बंडोपंत, ती मान हलवणं, सगळं. दारात उषा ऐकत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अरे, त्या बाईला तू ‘बघतो’ म्हणालास? आपल्या घरात उभं राहून?”

अण्णासाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर मनीषला बरं वाटलं असतं.

“चार इंची मशीन जितक्या जोरात फिरतं, तितका जोर पाच इंची चाकाला सोसत नाही. फुटणारच ते. आणि पत्रा असता तर तुकडा पत्र्याला लागला असता. अहो, देवासारखी पूजा केलीत आणि त्याचं चिलखत काढून घेतलंत! पूजा म्हणजे निगा, मनीषराव. पण ते जाऊ द्या. ती झाली हयगय. लोक त्या माणसाला दारुडा म्हणत असताना तुम्ही गप्प बसलात, त्याला हयगय म्हणायचं का?”

“नाही, अण्णा.”

“मग काय म्हणायचं?”

“भित्रेपणा.” मनीष म्हणाला. “बंडोपंतांनी ‘या लोकांचं’ म्हटलं, आणि ते सोपं होतं म्हणून मी चालू दिलं. साहेबरावांच्या जागी मी असतो, तर माझ्याबद्दल असं कुणी बोललंच नसतं!”

दुसऱ्या दिवशी मनीषनं रजा टाकली. निघताना बंडोपंतांना गाडीत घेतलं. ते यायला तयार नव्हते, पण उषानंच त्यांना दारात जाऊन सांगितलं, “काका, जे तोंड बोललं ते तोंडही तिथं पाहिजे.” पौडला हैबतरावांच्या ओसरीवर मनीषनं आडपडदा न ठेवता सांगितलं, “दारूचा संबंध नाही. पत्रा मी काढला होता. त्यांनी विचारलं, तर काही होत नाही असं मीच म्हणालो. त्यांचा डोळा माझ्यामुळे गेला.” बंडोपंतही खाली बघत पुटपुटले, “मी उगाच बोललो.”

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “सोयरीक हाय तशी हाय. पन पाव्हणं, आमच्याकडं नंतर यायचं व्हतं. आदी त्या मानसाकडं जायला पायजे व्हतं.”

मनीष तसाच साहेबरावांकडे गेला. ते अंगणात बाजेवर बसले होते. मनीषनं त्यांचे पाय धरले, आणि त्याला रडू आवरेना.

“उटा, मनीषभाऊ,” साहेबराव म्हणाले. “डोळ्याचं मी काय म्हनत न्हाई. मला दिसत व्हतं पत्रा न्हाई ते, तरी मी बटन दाबलं. त्यात माजीबी चूक हाय.” मग ते म्हणाले, “पन दवाखान्यात बंडोपंत बोलले तवा मी जागा व्हतो. पट्टी डोळ्यावर व्हती, कानावर न्हवती. मला वाटलं, आता मनीषभाऊ बोलतील. आता बोलतील. लई वाट बगितली मी.”

 

नंतर गॅरेज सुधारलं. वायरमन बोलावून अर्थिंगसह नवी जोडणी केली, काड्या खोचणं बंद झालं. धक्का बसला तर वीज तोडणारा स्विच आला, टेबलावर दोन ट्यूब आल्या, चष्मा मशीनच्या शेजारीच टांगला गेला, आणि ग्राइंडरवर पत्रा आणि चार इंचीच चाक. सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावून मनीषनं ते दाखवलं, आणि काय झालं होतं तेही दर वेळी सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. सोनूच्या लग्नात तो वाढायला उभा राहिला. साहेबराव बोलले त्याच्याशी, हसलेही. पण रविवारी गॅरेजात मात्र ते पुन्हा आले नाहीत.

बंधूंनो, भगिनींनो, घरात कारखाना जरूर काढा. पण यंत्रावर जे संरक्षण दिलं आहे, ते आपल्या सोयीसाठी काढू नका. ते तुमच्यासाठी नसलं, तरी तुमच्या शेजाऱ्यासाठी असतं. आणि एखाद्या निरपराध माणसाला कुणी बोल लावत असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथंच, त्याच क्षणी तोंड उघडा. तो माणूस ऐकत असतो!