मान हलवणारे आजोबा

मित्रांनो, मी एक जुने कानाचे मशीन आहे. पुस्तकात मला श्रवणयंत्र म्हणतात, पण त्या भारदस्त नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. कानामागे बसायचे आणि जगाची बडबड आत पोहोचवायची, एवढेच माझे काम.

कारखान्यात माझा जन्म झाला आणि काचा कापणाऱ्या एका आजोबांच्या कानामागे माझा संसार सुरू झाला. त्यांच्या मुलाने मला हौसेने आणले होते. "बाबा, आता येतं ना ऐकू?" त्याने विचारले. "येतं म्हणजे? मुंगी शिंकली तरी कळेल!" आजोबा म्हणाले. मला केवढी धन्यता वाटली!

पण ती फार टिकली नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे काचेचे दुकान होते. तिथे काचेची कड घासायचे यंत्र सुरू झाले की तो आवाज माझ्यातून थेट त्यांच्या डोक्यात घुसायचा. आजोबांनी त्यावर तोड काढली. दुकानात शिरताना ते माझी बॅटरी काढून खिशात टाकू लागले. मुलाला वाईट वाटेल म्हणून त्याला मात्र काही सांगितले नाही. कोणी काही बोलले की ते हसून मान हलवत. त्यामुळे 'आजोबा फार समजूतदार' अशी त्यांची गल्लीभर ख्याती झाली. मी आपले दिवसभर शोभेला! मला भारी राग यायचा.

एके दिवशी दुकानात त्यांची मान जोरजोरात हलली आणि दोन्ही हात वर गेले. मला तेवढेच कळले. दुसऱ्या दिवशी सर्दीमुळे ते घरातच पडून राहिले आणि त्या रात्री झोपेतच गेले.

घर सुने झाले. मुलाचे दुकानात लक्ष लागेना, घास गिळवेना. पुढे शेजारच्या शिंपीकाकांना द्यायचे म्हणून त्याने मला टेबलाच्या खणातून बाहेर काढले. बॅटरीवाचून मी बहिरेच, त्यामुळे हे आणि पुढचे थोडे बोलणे मला मागाहून, आजी शिंपीकाकांना सांगत होत्या तेव्हा कळले.

"आई, यात बॅटरीच नाही."

"त्यांच्या शर्टाच्या खिशात बघ," आजी म्हणाल्या. "दुकानात जाताना काढून ठेवायचे. म्हणून तर धुण्याआधी मी खिसे चाचपायची."

"दुकानात? रोज?"

"रोज. तुझ्या त्या यंत्राने डोकं उठायचं त्यांचं. तुला सांगू नको म्हणाले होते."

खुंटीवरच्या शर्टात बॅटरी सापडली. मुलाने ती बसवली, माझ्यात जीव आला आणि मी कान टवकारले.

"आई, तो मोठा आरसा फुटला ना, तेव्हा मी बाबांना फार टाकून बोललो. म्हटलं, उद्यापासून दुकानात पाय ठेवू नका, नुसती अडचण होते तुमची. त्यांनी मुकाट्याने मान हलवली, हात वर केले. आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मला वाटलं, मनाला लावून घेऊनच गेले."

"वेडा आहेस का? नाक वाहत होतं, म्हणून मीच जाऊ दिलं नाही. त्या दिवशी आत येऊन मला म्हणाले, 'आरसा फुटला माझ्या हातून. पोरगा केवढा घाबरला! लागलं का, लागलं का, विचारत होता. मी दोन्ही हात दाखवले, म्हटलं बघ, खरचटलंसुद्धा नाही.'"

मुलगा हसू लागला आणि हसता हसता रडू लागला.

"पण मी ते विचारलंच नव्हतं गं."

"त्यांना तेच ऐकू आलं ना? मग झालं तर."

कितीतरी दिवसांनी तो त्या दुपारी पोटभर जेवला. बंद असल्याचा मला प्रथमच अभिमान वाटला.

आता मी शिंपीकाकांच्या कानामागे असते. मित्रांनो, माझ्यासारख्यांना घाम पुसून कोरड्या जागी ठेवा, हे तर आहेच. पण आजोबांसारखे कान सगळ्यांनाच नसतात. शिंपीकाका मला दिवसभर चालू ठेवतात, आणि घरात जे बोलले जाते ते शब्दन्‌शब्द मला त्यांच्यापर्यंत पोहोचवावे लागते. मला निवड करता येत नाही, तुम्हाला येते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मशीन चालू आहे असे धरूनच बोला.