नत्र आहे, पण अंगी लागत नाही

पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात नत्रासाठी तीन चौकटी होत्या: कमी, पुरेसे, जास्त. तिथं काम करणाऱ्या तंत्रज्ञानं सव्वीस वर्षांत चौथी मागितली नव्हती. मागण्याचा त्याचा स्वभावच नव्हता.

सोमवारी घेवडा पिकवणाऱ्या बाई दुसऱ्यांदा आल्या. पिशवीतली पानं चमच्यासारखी वळलेली, फिकट. गेल्या अहवालात नत्र 'पुरेसे' आलं होतं. तो कागद बघून शेजारचं शेत कसणाऱ्या त्यांच्या दिरानं निकाल देऊन टाकला होता की वहिनी, पीक माझ्या तणनाशकानं नाही, तुमच्या हातगुणानं गेलं. वारा असताना फवारू नका, एवढंच बाईंना त्याच्याकडून हवं होतं. नाहीतर पुढची लावणीही हातची जाणार होती.

"पुरेसं आहे, तर झाडं उपाशी का दिसतात?" बाईंनी विचारलं.

याला चौकट नव्हती. त्यानं पानं ठेवून घेतली.

एक वाजता तो वजनकाट्याशेजारी एकटाच डबा उघडून बसला. बायको जाऊन चार वर्षं झाली, तरी हाताला एकाचं माप बसलं नव्हतं. रोज दोघांचं शिजायचं आणि टाकवत नाही म्हणून दोघांचं खाल्लं जायचं. तरी पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागत होती. ठरल्या वेळी ताईचा फोन आला. जेवलास का, विचारलं. हो, म्हणाला.

"दोघांचं खातोस आणि अंगी काही लागत नाही. अरे, जातं कुठं सगळं?"

तो समोरच्या घेवड्याच्या पानाकडे बघत राहिला.

फोन ठेवल्यावर त्यानं देठ कापून त्यावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला. देठ शाईसारखा निळा झाला. मुळांनी नत्र वर पोचवलं होतं, ते तिथंच कच्चं पडून होतं. त्यापासून पानात बनणारी प्रथिनं मोजली, तर हवी त्याच्या निम्मीच. उडून आलेलं तणनाशक असंच करतं. शिधा घरात, चूल बंद.

त्यानं चौकटींच्या बाहेर लिहिलं: 'नत्र आहे, पण अंगी लागत नाही. लक्षणं उडून आलेल्या तणनाशकाशी जुळतात.'

प्रयोगशाळेच्या साहेबांनी 'अंगी लागत नाही' ही शास्त्रीय संज्ञा नसल्याचं सांगितलं. चौकटीबाहेर लिहायला जागा नसते, हेही त्यांनी कागदाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून सांगितलं. शेवटी, लिहायचं तर स्वतःच्या सहीनं लिहा, म्हणाले. त्यानं सही केली. सव्वीस वर्षांत तिथं फक्त शिक्का बसत आला होता.

गुरुवारी बाई मुद्दाम सांगायला आल्या. दिरानं अहवाल दोनदा वाचला. प्रथिनांचं त्याला काही कळलं नाही, पण 'अंगी लागत नाही' हे त्यानं लहानपणी आईकडून रोज ऐकलं होतं. वारा पडल्याशिवाय फवारणीचा पंप काढणार नाही, म्हणाला. बाई गेल्या आणि खोली पुन्हा यंत्रांच्या गुणगुणीवर आली.

एक वाजता फोन वाजला. जेवलास का?

"जेवलो, ताई," तो म्हणाला. "पण अंगी लागत नाही."

 

"रविवारी येते," ती म्हणाली. "तांदूळ मोजून ठेव."

"मोजायचे कशाला," तो म्हणाला. "दोघांचंच माप आहे माझ्याकडे."