यंत्राखालचं अंगण

बासूने जन्मात कधी कामचुकारपणा केला नव्हता, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

अ‍ॅटलास पर्वतातल्या एका डोंगरामागे, बासूच्या गावातून न दिसणाऱ्या खोलगटात, शहरातल्या संशोधकांनी एक खांब रोवला होता. त्यावरचं यंत्र खालच्या बर्फाची उंची मोजायचं आणि आकडा आपोआप शहरात पाठवायचं. रखवाली बासूकडे होती. निहाद नावाची इंजिनियर जाताना म्हणाली होती, "बासूदा, जागा तेवढी स्वच्छ ठेवा हं." गडी शब्दाला पक्का. दर शुक्रवारी नमाजानंतर लाकडी फावडं खांद्यावर टाकून तो वर जायचा आणि यंत्राखालचा बर्फ जमीन दिसेपर्यंत काढायचा. पाहुण्यांची वस्तू, तिच्यापुढचं अंगण बर्फात बुडालेलं कसं चालेल?

मार्चमध्ये निहादचा फोन आला. वर बर्फ जवळपास नाहीच, उन्हाळ्यात वितळून येणारं पाणी बेतानं धरा. गावची जमात, म्हणजे घरटी एक पुरुष, मशिदीसमोर बसली. खालच्या शेतांत यंदा बटाटा लावायचा नाही असं ठरलं. त्यात इत्तोची दोन्ही वावरं गेली. नवरा वारल्यापासून तीन लेकरं ती त्याच वावरांवर जगवत होती. लावायचंच नाही म्हटल्यावर बियाण्याचे बटाटे तिने शिजवून पोरांना घातले. बासू त्या बैठकीला होता. आदल्याच शुक्रवारी तो कमरेएवढ्या बर्फातून वर गेला होता. पण यंत्रापुढे आपली अक्कल काय पाजळायची, म्हणून गप्प बसला.

जूनमध्ये पाट फुटून वाहू लागले. पाणी इत्तोच्या मोकळ्या वावरांवरून सरळ नदीला मिळत होतं, आणि लावणीचे दिवस केव्हाच सरले होते.

निहाद धावतपळत आली. पुन्हा जमात बसली. या वेळी बायकाही भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुझा तो खांब उपटून ने, पोरी," म्हातारे प्रमुख इद्दर कडाडले. "आमच्या बकऱ्यांनी याहून बरं सांगितलं असतं!"

निहादने कागद पसरला. "दोष माझाच. बर्फाच्या उंचीची ही रेघ बघा. आठवडाभर चढते आणि शुक्रवारी दुपारी धाडकन शून्यावर येते. वारा बर्फ उडवून नेत असणार. मी जागाच चुकीची निवडली."

"वारा काय वार बघून सुटतो होय?" कुणीतरी खिदळलं.

बासूला आपलं शुक्रवारचं फावडं आठवलं. गप्प राहणं सोपं होतं. मार्चमध्ये जमलंच होतं की! पण ती पोर त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेत होती. तो उठला.

"वारा नाही. मी. मी काढायचो तो बर्फ."

मग त्याने सगळं सांगितलं, फावड्यासकट. माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. इद्दरांनी कपाळावर हात मारून घेतला.

इत्तो भिंतीपासून पुढे आली. "माझी वावरं लावणीतून काढली, तेव्हा तू इथेच बसला होतास ना, बासूदा?"

"होतो."

"आणि वर बर्फ किती होता म्हणालास?"

"कमरेएवढा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "यंत्राला काय दिसलं ते जाऊ दे. भिजले ते पाय तर तुझेच होते ना?"