खंडेनवमीला आलेला ट्रक

माझा बाप मेंढरं राखायचा. दोनशे मेंढरांत कुठलं खोकलं, हे त्याला पाठमोरं बसून कळायचं. माझ्या वाट्याला मेंढरं आली नाहीत, पण कान आला, असं आमच्या न्हावऱ्यातली माणसं म्हणायची आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. आता कुणी म्हणालं की तिथून उठून जावंसं वाटतं. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे. मी ती कुणाला धड सांगितलेली नाही, कारण ऐकणाऱ्याला आधीच सगळं ठाऊक असतं आणि त्याने निकालही देऊन टाकलेला असतो.

फाट्यावर माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. चार पत्रे, एक खड्डा आणि मी. दौंडात एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढून मी हे काम शिकलो. आवाज ऐकायची रीतही त्याचीच. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. मग इंजिन बोलायला लागतं. बाहेरून सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, पण लोखंडातून आलेला आवाज आपली जागा सांगतो. हेडवर एक ऐकू येतो, चेंबरवर दुसरा, बाजूच्या पंपावर तिसरा. स्क्रू ड्रायव्हरशिवाय नुसत्या कानाने सांगणं म्हणजे अंदाज. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही लोकांसमोर मी पुष्कळदा नुसत्या कानाने सांगायचो आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळे माज चढला होता, दुसरं काय.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडून मी पूजा केली होती. पाने, हातोड्या, जॅक आणि मधोमध तो स्क्रू ड्रायव्हर. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. खंडेनवमीला हत्यार मांडलं की दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, हा आमचा रिवाज. उस्ताद पाळायचा, मी पाळायचो. एका वर्षी घाईत मी पाळला नव्हता. एका जीपचा पट्टा बसवायला गेलो आणि डाव्या हाताच्या करंगळीचं पेर पंख्यात गेलं. त्यानंतर कुणी लाख रुपये दिले असते तरी त्या दिवशी मी पान्याला शिवलो नसतो.

दहाच्या सुमारास भैरू त्याचा ट्रक घेऊन आला. भैरू आणि मी एका वस्तीवरचे, एका शाळेतून पळालेले. ट्रक त्याचा स्वतःचा, चालवायचाही तोच. ट्रकला झेंडूचे हार, काचेवर भंडारा, मागे पिवळे झेंडे. दरवर्षी दसऱ्याला तो वस्तीवरच्या माणसांना जेजुरीला न्यायचा. दुपारी निघायचं, दिवस मावळायला गडावर आणि दसरा करून परत. शेजारी त्याची आई ताईबाई बसलेली. तिला सगळी वस्ती आईच म्हणायची.

"संपत, कालपास्नं टकटक करतंय बघ," भैरू खाली उतरून म्हणाला. "ऐक जरा."

मी बॉनेट उघडायला लावलं. आवाज होता. बारीक, कोरडा, एका लयीत. मी मान तिरकी करून उभा राहिलो. तेवढ्यात रस्त्याने हलगी वाजवत पोरं गेली, ती जाईपर्यंत थांबलो. मग परत ऐकलं.

"स्क्रू डायव्हर लावून बघतूस का?" भैरूने विचारलं.

मी पाटाकडे बोट केलं. "आज हत्याराला हात न्हाई."

"व्हय की. इसरलोच." त्याने लगेच पाटाला हात जोडले. ताईबाई वरूनच म्हणाली, "नगं रं बाबा, आजच्या दिशी नगं. तुझ्या कानाला काय हत्यार लागतंय?"

हे ऐकल्यावर मी 'कळत नाही' म्हणणार होतो का? म्हणायला हवं होतं. उद्या बघू, आज गाडी लांब नेऊ नकोस, एवढं म्हणायला जीभ झिजली नसती.

"टॅपेट ढिलं झालंय," मी म्हणालो. "काय होत न्हाई. आल्यावर घट्ट करू."

भैरूचा चेहरा मोकळा झाला. माझी मुलगी प्रगती, तेव्हा तेरा वर्षांची, तीही त्या ट्रकने जेजुरीला जाणार होती. यावरूनच ओळखा की मला माझ्या बोलण्याची किती खात्री होती.

तीनला ट्रक वस्तीवरून भरून आला आणि फाट्यावर प्रगतीला घ्यायला थांबला. तिशीच्या वर माणसं होती. बाया, म्हातारी, कडेवरची पोरं. सगळे भंडाऱ्याने पिवळे झालेले. प्रगती मागे चढली, मी तिची पिशवी वर दिली. 'येळकोट येळकोट' झालं आणि ट्रक निघाला.

मोठ्या रस्त्याला लागताना समोरून एसटी आली म्हणून भैरूने दोनतीनदा ब्रेक दाबला आणि माझ्या कानात काहीतरी खटकलं. ब्रेक दाबल्यावर टाकीतली हवा कमी झाली आणि ती टकटक एकदम जड झाली, ठोका मारल्यागत. ट्रक तिथेच एसटी जायची वाट बघत उभा होता. थोड्या वेळाने टाकी भरली, जास्तीची हवा फस्सकन बाहेर पडली, आणि आवाज परत बारीक झाला.

टॅपेट इंजिनाच्या आतलं, त्याला हवेशी काय देणंघेणं?

आवाज इंजिनाच्या पोटातला नव्हताच. इंजिनाच्या बाजूला हवेचा कॉम्प्रेसर असतो, तो ब्रेकसाठी टाकीत हवा भरतो. त्याच्या आतला दांडा ढिला झाला होता. हवा भरताना जोर पडला की ठोकायचा, टाकी भरली की बारीक व्हायचा. तो दांडा तुटला की हवा बंद. हवा बंद झाली की टाकीत असेल तेवढे चारदोन ब्रेक लागतात आणि मग पाय नुसता खाली जातो.

तोवर ट्रक पुढे निघाला होता. मी ओरडत मागे पळालो. वर हलगी वाजत होती. मागे बसलेल्या बायांनी मला पाहिलं आणि हात हलवले. प्रगतीनेही हलवला.

माझी राजदूत मोटारसायकल क्लच खोलून पडलेली होती. मी पाटापाशी आलो, क्षणभर थांबलो आणि तो स्क्रू ड्रायव्हर आणि दोन पाने उचलले. तेवढ्यात डेअरीवाला म्हाळू त्याच्या एम-एटीवरून रिकामे कॅन घेऊन आला. मी कॅन उतरवायला लावून मागे बसलो.

"एवढ्यातच बाहीर काढली हत्यारं?" म्हाळूने विचारलं.

"गाडी पळव," मी म्हणालो.

पारगावचा पूल, केडगाव, सगळीकडे मी पुढे बघत होतो आणि एम-एटी आपल्या चालीने चालली होती. तिच्यात यापेक्षा जोर नव्हता. चौफुल्याला पोहोचलो तर ट्रक हॉटेलासमोर उभा, माणसं चहा पीत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो.

मी भैरूला बाजूला घेऊन सांगितलं. तो हसला. मग मी इंजिन चालू करायला लावलं, स्क्रू ड्रायव्हर कॉम्प्रेसरवर टेकवला आणि मूठ कानामागे लावली. शंकाच उरली नाही. ठोका थेट कवटीत येत होता.

"सकाळी तर टॅपेट म्हणलास," भैरू म्हणाला.

"चुकलो. आता ऐक तू."

त्याने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, पण तोवर टाकी भरून ठोका बारीक झाला होता. मी ब्रेक मारून हवा काढायला लावली. ठोका पुन्हा जड झाला. त्याने तो ऐकला. ऐकला हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं.

"हाय थोडा," तो म्हणाला. "पर इथवर आली न्हवं गाडी? जेजुरीहून आल्यावर खोल."

"हवेचा काटा काय दावतोय?"

"काटा दोन सालापास्नं मेलाय."

"मंग दौंडात उस्तादाकडं जातो, कॉम्प्रेसर आणतो. तवर हितंच थांबा."

"आज कोण दुकान उघडतंय? आन् माणसं काय रस्त्यावर झोपवू?"

एव्हाना माणसं जमली होती. कुणाला तरी माझ्या हातातल्या लोखंडावरचं हळदकुंकू दिसलं. "पूजंतला पाना उचलून आणलाय ह्यानं!" एवढं पुरलं. बाया मागे सरकल्या. ताईबाई केबिनमधून म्हणाली, "संपत, काय केलंस रं हे? देवाच्या वाटंवर?" सकाळी हार घालून पुजलेलं इंजिन मी पुजलेल्या पान्याने खोलायला आलोय, याच्यापुढे माझ्या कॉम्प्रेसरची काय पत्रास! मी समजावत होतो. मग शिव्या देत होतो. मग चावी काढून घ्यायला केबिनमध्ये हात घातला, तर दोघातिघांनी मला ओढून बाजूला केलं. ती माझीच माणसं होती. कुणाचा राग नव्हता त्यांना, फक्त उशीर होत होता.

माझ्यासारखा असहाय माणूस त्या दिवशी चौफुल्यावर दुसरा नसेल. आवाज मला ऐकू येत होता आणि माझा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

माणसं वर चढली. मी मागे गेलो, प्रगतीचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं. ती रडायला लागली, मैत्रिणींसमोर लाजली, माझ्या हाताला चावलीसुद्धा. मी सोडलं नाही.

भैरूने आरशातून पाहिलं. "उतारावर गिअरमधी ठेव," मी ओरडलो. त्याने हात वर केला.

आता ते सांगतो जे सांगत नाही. मला त्या ट्रकमध्ये बसता आलं असतं. शेजारी बसून आवाजावर कान ठेवता आला असता. दांडा तुटून ठोका बंद पडताच, हवा शिल्लक असतानाच, थांब म्हणता आलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, ट्रक निघायच्या आधी आला. मी बसलो नाही. मला भीती वाटली.

सुप्याच्या वाटेवर जी उतरण आहे तिथे भैरूचा पाय खाली गेला. त्याने गिअर टाकले, ट्रक कडेच्या मुरमाच्या ढिगाऱ्यात घातला. त्याने गाडी सांभाळली म्हणून तीस माणसं वाचली, असं पोलिसही म्हणाले. केबिनची डावी बाजू मात्र आत गेली. ताईबाई तिथेच गेली. भैरूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढे तो कॉम्प्रेसर मीच खोलला. दांड्याचे दोन तुकडे निघाले. कुणाला दाखवायचे? गावात दोन पक्ष झाले होते. एक म्हणायचा, पुजलेलं हत्यार उचललं म्हणून झालं. दुसरा म्हणायचा, संपतला सगळं माहीत होतं, आपली पोरगी तेवढी उतरवून घेतली. पहिल्या पक्षाशी मी भांडायचो. दुसऱ्याशी काय भांडणार?

भैरू चार महिन्यांनी आला. काखेत कुबडी, एसटीतून उतरून फाट्यावरून चालत. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. मी एका गाडीचं नोजल साफ करत होतो, ते हातातच राहिलं. किती दिवस मनात घोकून ठेवलेलं सगळं मी बोलायला लागलो. चूक माझी होती, सकाळीच हत्यार लावायला हवं होतं, चौफुल्यावर तुझ्या पाया पडायला हवं होतं.

"त्ये ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हत्याराला मी बी हात जोडले व्हते. ठोका मी बी ऐकला व्हता. एकच इचारतो. पोरीला उतरवलंस तवा माझ्या आईला का न्हाई म्हणलास, उतर म्हणून?"

"मी समद्यांस्नी सांगत व्हतो, भैरू."

"समद्यांस्नी सांगितलंस. पोरीचा हात धरलास."

"आई उतरली नसती," मी म्हणालो. "माझ्या हातात पूजंतलं हत्यार. तिनं ऐकलं नसतं."

भैरूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"न्हाई उतरली असती," तो म्हणाला. "पर तू म्हणला न्हाईस."

मग कुबडी सावरत तो एसटीच्या थांब्याकडे निघाला.