गुंतवळीचं तारुण्य

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात वेशीच्या दरवाज्याजवळच्या मोकळ्या जागेत सकाळपासून माणसांची रीघ लागली होती आणि त्यांतली निम्मी डोकी केशरी होती. नुकतीच आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. एवढं सरकार जागा बदलतं, तर केसांनी रंग का बदलू नये, असं बऱ्हाणपूरकरांना वाटलं असावं.

मंचावर कृष्णकेश महाराज होते. समोर पाटावर कापसाचे व्यापारी भाईदासशेठ, डोकं मेंदीनं गाजरासारखं झालेलं. महाराजांनी लोखंडी कमंडलूतलं तीर्थ त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि आरोळी ठोकली, "बुढ़ापा, निकल! जवानी, आ जा!"

बुढापा आज्ञाधारक निघाला. केशरी केस बघता बघता तपकिरी झाले, मग काळेभोर.

"मनुष्य उल्टा पेड़ है, बाल उसकी जड़ें!" महाराज गरजले. "जड़ हरी हो गई, तो दवा काहे की?"

"जय हो!" गर्दी म्हणाली. माझ्या शेजारी हात जोडून उभी असलेली कुसुममावशीही म्हणाली.

मावशीचे केस आदल्या आठवड्यातच काळे झाले होते आणि त्याच दिवसापासून तिनं इन्सुलिनची सुई बंद केली होती. माझी आई, मालती, तिची थोरली बहीण. दोघींनाही साखरेचा आजार. आईनं दसऱ्याला हेच तीर्थ डोक्यावर घेतलं, सुई सोडली आणि कार्तिकात ती गेली. चितेवर ठेवली तेव्हा तिच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

महाराजांनी निदान केलं होतं, "उसने खट्टा खाया होगा." आंबट हे त्यांच्या व्रतात वर्ज्य होतं.

परतताना मी म्हटलं, "मावशी, आज तरी सुई घे."

"कशाला वं? केस पाहून घे माझे. विशीतल्या पोरीसारखे होऊन राहिले."

"आईचेही झाले होते."

"मालूताईनं कढी खाल्ली असंल. जीव होता तिचा कढीवर, मला माहीत नाही काय?"

"रात्रभर पाणी पीत असतेस तू. तोंडाला कोरड पडते."

"उन्हाळा आहे बाई."

माघ चालू होता. अंगावर शाल घेऊन ती हे बोलत होती.

घरी आल्यावर मी केळफूल चिरायला बसले आणि हाताला तेल लावायचं विसरले. लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की बोटं काळी होतात, हे आमच्याकडे मुलींना अक्षरओळखीच्या आधी कळतं. लिंबू चोळलं की काळं उतरतं, हेही. मी लिंबू चोळत होते. काळं उतरत होतं. महाराजांनी लिंबू नुसतं खायलाच नाही, डोक्याला लावायलाही मनाई केली होती. ज्याचं तारुण्य आतून येतं, त्याला डोक्यावरच्या लिंबाची एवढी धास्ती का असावी?

मग व्रत आठवून पाहिलं. आधी मेंदी. मग आठवडाभर आवळ्याचा आणि चहाचा दाट काढा केसांना चोपडायचा. मग तीर्थ, त्याला गंजाचा आणि आंबलेल्या गुळाचा वास. केळफूल, आवळा, चहा या सगळ्यांत तुरट द्रव्य असतं. ते लोखंडाला भेटलं की शाई तयार होते. पूर्वी लिहायची शाई अशीच करत. मी गंजके खिळे गुळाच्या पाण्यात टाकून चुलीजवळ ठेवले. काही दिवसांत पाण्याला तोच वास आला.

केस मात्र हवे होते. आरशामागच्या कोनाड्यात आईची गुंतवळ होती. विंचरताना गळलेले केस गुंडाळून ती तिथं खोचून ठेवायची. केस गोळा करणारी फिरती बाई आली की ते देऊन फण्या घ्यायची. तीर्थानंतरची ती शेवटची काळी गुंतवळ मी टाकली नव्हती.

महाराजांच्या पुढच्या दरबारात मी सगळं सामान आणि मावशीला घेऊन मंचापाशी गेले. गुंतवळ वाटीत ठेवली आणि लिंबू पिळलं. काळेपणा विरघळला आणि केस केशरी झाले.

"देखा!" महाराज उसळले. "खट्टा लगा, जवानी गई! मैं क्या कहता था?"

टाळ्या पडल्या. मी त्या संपू दिल्या. मग गुंतवळ स्वच्छ धुतली, आवळा-चहाच्या काढ्यात भिजवली आणि खिळ्यांच्या पाण्यात बुडवली. ती पुन्हा काळी झाली.

"आणि जवानी परत आली, महाराज. मी तर मंत्रही म्हटला नाही. साधं गुळाचं पाणी आहे, गंजक्या खिळ्यांचं."

"किसके बाल हैं ये?"

"माझ्या आईचे. ती कार्तिकात वारली. तुमच्या हिशेबानं मूळ आत्ता हिरवं झालं. झाड कुठंय?"

मग भाईदासशेठांनी हळूच लिंबाची फोड उचलली आणि कानशिलावर घासली. तिथं केशरी पट्टा उमटला.

"शेठ, जवानी घसरली!" मागून कोणी तरी ओरडलं, आणि हसू फुटलं. महाराजांना एकाएकी समाधी लागली. ती उतरली तेव्हा ते गाव सोडून गेले होते.

घराच्या दाराशी आल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे मालूताईनं कढी नव्हती खाल्ली."

"खाल्ली असती, तरी त्यानं गेली नसती."

"अन् मी साऱ्या गल्लीत सांगून राहिली होती." ती आत गेली, पातेल्यात पाणी ठेवलं आणि सिरिंज उकळायला टाकली. त्या दिवशी सुई टोचणाऱ्या कंपाउंडरला बोलवायला तीच गेली.

तेव्हा केस काळे करायचे असतील तर खुशाल करा. कृती वर दिली आहे, सामान स्वयंपाकघरात सापडेल, बाबा लागत नाही. पण औषध थांबवायचं की नाही, हे आरशाला विचारू नका. लघवी तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. केसाला रंग चढला, एवढ्यावरून केसाला रंग चढला एवढंच सिद्ध होतं. आणि माणूस गेल्यावर त्याचंच पथ्य चुकलं असं जो सांगतो, त्याला निदान एकदा तरी म्हणा, "दाखवा."

मावशीचं डोकं आता पांढरं आहे. कंपाउंडरची सुई बोथट आहे, अशी ती रोज सकाळी कुरकुर करते.