पुडी आणि दंडाचं माप

पुडीबाबांच्या दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीशी बऱ्या झालेल्यांनी टाकलेल्या काठ्या रचून ठेवलेल्या, अन् बाबा गरजत होते, "डॉक्टर शरीर बघतो, आम्ही शरीराचा मालक बघतो! घ्या पुडी, पळा!"

माणसं खरंच पळत होती. शिलाईवालीची थोरली जाऊसुद्धा. सांधे मोकळे, भूक दणदणीत, चेहरा चंद्रासारखा गोल. "बाबांचं अंगाला लागलं हो!" गल्ली म्हणायची.

नव्या झग्यासाठी शिलाईवालीने टेप लावली. मागच्या मापापेक्षा पोट चार इंच वाढलेलं, दंड दोन इंच उतरलेला.

"जाऊबाई, अंगाला लागलं, मग दंडाला का नाही?"

"टेप खोटं बोलतेय तुझी."

"थापा तुमचे दीर मारतात. टेप नाही."

जाऊ हसली अन् उठायला गेली. उठवेना. "कळतं गं मला. पण मागे दोन दिवस पुडी चुकली, तर ओकून ओकून कोसळले. बाबा म्हणाले, आमचं दार सोडणाऱ्याला मरण गाठतं. खरंच गाठत होतं!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शिलाईवालीने जाऊ अन् पुडी, दोघींना डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. आठवड्याने पुडीच्या तपासणीचा कागद आला.

"स्टेरॉइड," बाई म्हणाल्या. "संकटात शरीर स्वतःच असं रसायन सोडतं. हुकूम एकच, घर मोडा, चूल पेटवा! स्नायू मोडतात, लिव्हर त्यांची साखर करतं. उरलेल्या नायट्रोजनचा होतो युरिया, तो जातो लघवीतून. चरबी तेवढी पोटावर, चेहऱ्यावर साठते. संकट टळलं की थांबतं. तुमचं संकट रोज पुडीत बांधून येतं. दंड मोरीत गेला तुमचा."

"मग मी कोसळले ती?"

"आयतं मिळतंय म्हणून शरीराने आपलं बनवणं सोडलं. तो शाप नव्हे, तुटवडा. आता मी देईन तेवढंच घ्यायचं, हळूहळू कमी करत. महिने लागतील."

"म्हणजे सुटका नाहीच."

"आहे. जिन्याने उतरायचं, उडी नाही मारायची."

दुसऱ्या दिवशी शिलाईवाली बाबांच्या दारातल्या रांगेपुढे उभी राहिली. "पुडीत स्टेरॉइड आहे! पण घाबरून एकदम सोडू नका, आधी डॉक्टरकडे चला!"

"ऐकलंत?" बाबा खुलले. "तीही म्हणते, सोडू नका!"

दिवाणखाना हसला. शिलाईवाली हलली नाही. एक म्हातारी स्वतःचा दंड चाचपत बाहेर आली. मग आणखी एक.

बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, बायांनो. औषधात काय आहे, हे जो सांगत नाही, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका.